मामीची काच

गाडीचं इंजिन बंद पडलं की लोक हळहळतात, टायर बसलं की जॅक घेऊन धावतात. काच अडकली तर मात्र आधी हसतात आणि हसून झालं की सल्ला देतात. इंजिनाविषयी बोलायचं तर निदान बॉनेट उघडून आत डोकावल्याचं नाटक तरी करावं लागतं. काचेला तेवढीही अट नाही. ती सगळ्यांना दिसते, म्हणून ती सगळ्यांना कळते असा आपल्याकडे पक्का समज आहे.

माझ्या मामांचं गाव मोहगाव, कागदोपत्री मोहगाव हवेली. सर्पा नदीच्या काठी अर्धनारीश्वराचं देऊळ, महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नाही, आणि गावाबाहेर पडलं की संत्र्याचे बगीचे. राज्य मध्य प्रदेश, बाजार नागपूरचा, घरात मराठी, कचेरीत हिंदी. अशा गावात गाडी बिघडली की दोन राज्यांचे सल्ले एकदम मिळतात.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. मारुती 800 ला हँडल असायचं. गरगर फिरवलं की काच खाली, उलट फिरवलं की वर. ज्याच्या बाजूला काच, त्याच्या हातात हँडल. प्रवासी जिपांचा थाट आणखी वेगळा. चारी दारांची हँडलं झिजून गळालेली आणि त्यांतलं एकच तेवढं शाबूत, ते ड्रायव्हरच्या सीटखाली. पाऊस आला की मागून आवाज यायचा, “हँडल द्या हो भाऊ!” मग ते हातोहात मागे जायचं, एक काच चढवून दुसऱ्या दाराला, तिथून तिसऱ्या. तोवर निम्मे लोक भिजलेले असायचे, पण बिघाड कुठे आहे याबद्दल कुणाच्या मनात शंका नसायची.

बटणावर चालणारी काच अमेरिकेत 1940 सालीच आली होती. पॅकार्ड कंपनीने आपल्या 180 या भारी मॉडेलमध्ये ती दिली. तिच्यात विजेबरोबर तेलाच्या दाबाचंही काम असे. आपल्याकडे हे सुख सामान्य माणसाच्या दारात पोचायला पुढची कित्येक दशकं गेली आणि ते पोचलं तेव्हा हँडलातलं स्वराज्य संपलं. चार काचांची चार बटणं ड्रायव्हरच्या दारावर गेली. बाकीच्यांना प्रत्येकी एक. वर ड्रायव्हरकडे आणखी एक बटण, इतरांची बटणं बंद करण्याचं. ते लहान मुलांसाठी असतं असं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मामांची मुलं आता नोकरीला लागली, तरी ते बटण बराच काळ दाबलेलंच होतं. “एसी बाहेर जाते,” असं मामा म्हणत. एसी चालू नसला तरी म्हणत.

या बटणाची एक गंमत आधीच सांगून टाकतो. काच चालत नाही अशी तक्रार आली की पहिल्यांदा पाहायचं ते हे बटण. आमच्या नात्यातल्या एका जावईबापूंनी मागच्या दोन्ही दारांची पॅडं उचकटली, आतल्या क्लिपा तोडल्या, मोटरी बाहेर काढून ओसरीवर मांडल्या आणि शेवटी त्यांच्या चार वर्षांच्या मुलीने विचारलं, “बाबा, हे लाल दिवावालं बटन कशाचं आहे?” जावईबापूंनी तिला आत पाठवून दिलं. दारं त्यानंतर कायमची खडखडत राहिली.

तर मामांची गाडी. नागपूरहून सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, पुढे जे झालं त्यात तिचा काही हात नाही. मृगाचा पहिला पाऊस यायच्या बेतात होता. मामीने बसस्टँडजवळ ओळखीच्या बाईशी बोलायला आपल्या बाजूची काच खाली केली. बोलणं झालं, थेंब पडू लागले, मामीने बटण वर ओढलं. काच हलली नाही. परत खाली दाबलं तर होती त्याच्या आणखी खाली गेली. वर मात्र येईना. मामांनी आपल्या बाजूचं बटण दाबून पाहिलं, त्याने तर वरही नाही आणि खालीही नाही.

हे लक्षण नीट लक्षात ठेवा, कारण पुढे गावात कुणीच ठेवलं नाही. मामीच्या बटणाने काच उतरते, चढत नाही. मामांच्या बटणाने काहीच होत नाही.

घरी येईपर्यंत मामांचं निदान तयार होतं. “बॅटरी उतरली. खालतं जायले काय लागते? वजनानं जाते. वरतं चढाले जोर पाह्यजे.” ऐकायला अगदी रास्त. पण त्याच बॅटरीवर इंजिन एका चावीत सुरू होत होतं आणि स्टार्टरला लागणाऱ्या विजेपुढे काचेच्या मोटरची वीज म्हणजे चिल्लर. काचेची मोटर फार तर पाच-दहा अँपियर खाते, स्टार्टर शंभराच्या पुढे जातो. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “इंजिनची बात वेगळी असते.” वेगळी कशी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

संध्याकाळपर्यंत अंगणात बरेच लोक जमले. शेजारचे निवृत्त गुरुजी उंदरांच्या बाजूचे होते. त्यांच्या मते गाडीतला प्रत्येक बिघाड उंदीर करतो आणि पेट्रोल जास्त जळण्यामागेही तोच असतो. उंदीर वायरी कुरतडतात हे खोटं नाही, गाडी बरेच दिवस उभी असली की बॉनेटखाली घरटंसुद्धा करतात. पण फक्त काच वर नेणारीच वायर कुरतडणारा उंदीर फारच शिकलेला असला पाहिजे. एका पोट्ट्याने दारावर दणका घालून पाहिला. याला कुणी हसू नये. मोटरच्या आतले कार्बन झिजून अडकले असतील तर बटण दाबून धरत दार ठोकल्यावर मोटर खरंच सुरू होते, पुढे काही दिवस चालते आणि मग कायमची बसते. ठोकणाऱ्याची कीर्ती मात्र तेवढ्यात चार गावं जाऊन येते. इथे दणक्याने काही झालं नाही, तरी आणखी तिघांनी आपापला दणका घातला. एखाद्याचा हातगुण असतो म्हणून.

मग दोघांनी काचेच्या वरच्या कडेला दोन्ही बाजूंनी तळवे दाबून ती ओढून काढायचा प्रयत्न केला. मोटरला वर्म गिअर असतो. तो मोटरच्या बाजूने फिरतो, काचेच्या बाजूने कितीही जोर लावला तरी फिरत नाही. चोराने काच दाबून खाली करू नये म्हणून ही सोय कामाची आहे, आणि त्याच सोयीमुळे मालकालाही ती वर करता येत नाही. दोघांचे हात घसरले, एकाचं कोपर आरशावर आपटलं, आणि मामीने सगळ्यांना चहा दिला.

खरे तज्ज्ञ रात्री आले. मोहगावच्या विजेचं सगळं ज्ञान विहिरीतून येतं. संत्र्याला पाणी द्यायला प्रत्येक बगीच्यात मोटर. तिचा स्टार्टर, तिचा कपॅसिटर, तिचं जळणं, तिचं रिवाइंडिंग, रात्री येणारी लाइन आणि अध्येमध्ये गायब होणारी एखादी फेज, या विषयांवर इथला कुठलाही माणूस झोपेतून उठून बोलू शकतो. त्यात पंप दुरुस्त करणारा म्हणजे गावचा धन्वंतरी. तो आला, त्याने बटण खाली दाबलं, मोटरचा आवाज ऐकला, वर ओढलं, आवाज आला नाही. त्याने मान हलवली.

“एक फेज उडाली.”

गाडीत फेज नसते, तिथे बारा व्होल्टचा डीसी असतो, हे मी म्हणालो. त्याने माझ्याकडे शहरी माणसाकडे पाहतात तसं पाहिलं. “मोटर ते मोटरच ना? दोन वायर उलट्या केल्या का उलटी फिरते. इथी बी तेच.”

आणि यात तो बरोबर होता, हीच पंचाईत. तीन फेजच्या पंपाच्या कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की पंप उलटा फिरतो. काचेच्या मोटरला दोनच तारा. एका तारेला अधिक आणि दुसरीला उणे दिलं की काच चढते, उलट दिलं की उतरते. दोन्हीकडे कारणं वेगळी, पण तारा फिरवल्या की फेरा फिरतो हे तेच. काचेच्या बटणाचं सगळं काम या अदलाबदलीचं आहे. बटण मोकळं असताना ते मोटरच्या दोन्ही तारा गाडीच्या अर्थला जोडून ठेवतं. वर ओढलं की एक तार अर्थवरून उचलून बॅटरीला लावतं, दुसरी अर्थवरच राहते. खाली दाबलं की पहिली राहते, दुसरी उचलली जाते. पंपवाल्याने मोटरचा प्लग उलटा करून बघू म्हटलं. मग आता मामीच्या बटणाने काच चढेल पण उतरणार नाही, असं मी म्हणालो, आणि मामांना ते एकदम पटलं. “पावसाळ्याचे चार महिने तर निघतीन!” मामीने त्या रात्री कुणाला गाडीला हात लावू दिला नाही.

पंपवाल्याचं आणखी एक म्हणणं होतं, ओव्हरलोडचं. पंपावर भार आला की स्टार्टर वीज तोडतो, थंड झाल्यावर पंप परत चालू करता येतो. काचेच्या मोटरीतसुद्धा अशी एक तजवीज असते. मोटर फार तापली की ती आतल्या आत बंद होते आणि काही मिनिटांनी आपोआप सुरू होते. मागे एकदा याच गाडीत पाहुण्यांच्या नातवाने मागची काच वरखाली, वरखाली इतकी खेळवली की ती मध्येच गप्प झाली. सगळे घाबरले. त्या वेळी घरातलं कुणी तरी जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाचं दर्शन घेऊन नुकतंच आलं होतं. त्यांनी अंगारा दाराला लावला आणि काच सुरू झाली. जामसावळीला अंगात आलेली माणसं बरी होतात अशी लोकांची श्रद्धा आहे, तिथे काचेचं काय! मोटर थंड व्हायला तेवढाच वेळ लागतो हे मी कुणाला बोललो नाही. यंदा मात्र अंगारा लावूनही उपयोग झाला नाही, तेव्हा बिघाड मोठा आहे यावर घरात एकमत झालं.

फ्यूजचीही फेरी झाली. फ्यूजचा डबा ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर, डॅशच्या पोटात असतो. तो पाहायचा तर माणसाला डोकं पॅडलपाशी आणि पाय सीटच्या पाठीवर अशा अवस्थेत जावं लागतं. एका तरुणाने हे केलं. फ्यूजचे रंग ठरलेले असतात, लाल दहा अँपियरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. काचांचा बहुधा पिवळा किंवा हिरवा. फ्यूज शाबूत होता, आणि तो गेला असता तर मामीची काच खालीही गेली नसती, हे कळायला उलटं व्हायचीही गरज नव्हती. पण त्या खेपेत एक शोध लागला. हॉर्नच्या फ्यूजच्या जागी आधीच्या मालकाने गुटख्याच्या पुडीची चांदी गुंडाळून बसवली होती. फ्यूज हा मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, वायर जळायच्या आधी तो जळावा म्हणून. चांदी बसवली की फ्यूज वाचतो आणि गाडी जळते. मामांनी ती चांदी काढून हातात घेतली, निरखली आणि म्हणाले, “पण हॉर्न चांगला वाजत होता.”

पुढचा महिनाभर मामीने छत्री घेऊन प्रवास केला. म्हणजे गाडीच्या आत छत्री. सौंसरच्या बाजाराला जाताना काचेच्या जागी आधी मेनकापड लावलं, त्याला चिकटपट्टी. वेग वाढला की ते फडफडून मामीच्या कानशिलावर बसे. मग युरियाच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा कापून लावला. तो घट्ट बसला, पण त्यामुळे मामांना डावीकडचा आरसा दिसेना. मामी वाट सांगायची, “ट्रक हाये, थांबा. आता निंगा.” शेवटी पोतं काढलं आणि मामीने छोटी छत्री बाहेरच्या बाजूला तिरकी उघडून धरली. चौकात उभा असलेला एक शिपाई हे पाहून इतका गोंधळला की त्याने सीटबेल्ट विचारला नाही. काच बंद अवस्थेत अडकली असती तर मात्र हाल वेगळे झाले असते. राज्याच्या सीमेवर तपासणीला पोलीस काचेवर टकटक करतो, आपण आतून हातवारे करतो, त्याला वाटतं हा मिजास दाखवतोय. मग आपण समजवायला दार उघडतो, आणि नागपूरच्या बाजूला एमपी 28 पासिंगच्या गाडीतला माणूस असा धाडकन दार उघडून उतरला की पोलीस एक पाऊल मागे होतो. टोलनाक्यावरची तरी ती अडचण 2021 मध्ये फास्टॅग सक्तीचा झाल्यापासून संपली. गोटमारीच्या दिवशी मामा गाडी पांढुर्ण्याला नेतच नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड घालत असताना काच वर आहे की खाली, हा प्रश्न दुय्यम असतो.

मधल्या काळात गाडी नागपूरला एका मोठ्या वर्कशॉपात नेली. तिथे गणवेशातल्या मुलाने टॅबलेटवर बोट फिरवून सांगितलं की डाव्या दाराची मोटर, रेग्युलेटर, स्विच आणि दाराचं अख्खं वायरिंग बदलावं लागेल. आकडा ऐकून मामांनी मामीला विचारलं, “छत्री कोणती पाह्यजे तुले? चांगली घे.”

आता मामीचं म्हणणं सांगायला हवं. ते ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. मामा, गुरुजी, पंपवाला, नागपूरचा मुलगा, सगळ्यांसमोर तिने ते सांगितलं होतं आणि सगळे मनापासून हसले होते.

“हे गाडीतून उतरले का माही काच चालते.”

गुरुजी तर पोट धरून हसले. मामांनीही हसून घेतलं, थोडं उशिरा. संसाराच्या दृष्टीने ते वाक्य इतकं चपखल होतं की त्याचा दुसरा काही अर्थ असेल असं कुणाला वाटलंच नाही. मामीला मात्र विनोद करायचा नव्हता. बगीच्याला जाताना काट्याचं फाटक लागतं. तिथे मामा गाडी चालूच ठेवून, आपलं दार सताड उघडं टाकून फाटक बाजूला करायला उतरतात. तेवढ्यात मामीने बटण ओढलं की काच सुरळीत वर यायची. मामा परत येऊन बसले, दार लावलं, की पुन्हा मेली. मामीने हे कित्येकदा पाहिलं होतं. तिला वाटायचं, आपलं नशीब.

सौंसरच्या गाडी इलेक्ट्रिशियनकडे गाडी गेली ती दुसऱ्याच कामाला, हेडलाइटच्या. त्याच्या टपरीत बॅटऱ्या, वायरींचे भेंडोळे आणि एक कॅलेंडर. मामी आत बसून होती. त्याने सहज विचारलं, “काकू, काच लावून घ्या ना, धूळ येऊन रायली.” मामीने आपलं ते वाक्य सांगितलं. तो हसला नाही. त्याने विचारलं, “उतरले का, का दार उघडलं का?”

मामी क्षणभर थांबली. “दार उघडलं का,” ती म्हणाली.

त्याने हेडलाइट सोडून दिला. त्याच्याकडे मीटर होता, पण तो खोक्यातच राहिला. त्याने काढली ती बत्ती. इंडिकेटरचा जुना बल्ब, त्याला डाग देऊन लावलेल्या दोन तारा, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला शिवायची जाड सुई. मीटर का नाही, असं मी विचारलं. “मीटर खोटं बोलते. वायर एका केसावर जुडून असन तरी बारा व्होल्ट दाखवते. बत्तीले जळाले करंट लागते, केसावर ते जळत नाई.” हे अगदी खरं आहे. मीटर स्वतः जवळपास काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे त्याला अर्धमेली तारही धडधाकट दिसते. भार टाकल्याशिवाय तिची ताकद कळत नाही.

डाव्या दाराचं पॅड त्याने क्लिप न तोडता काढलं, आतलं प्लॅस्टिकही जपून सोडवलं. पावसाचं पाणी काचेच्या रबरामधून दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून निघून जातं. ते प्लॅस्टिक फाडलं तर पाणी पॅडात आणि बटणात मुरतं, म्हणून ते परत चिकटवायचं असतं. मग मोटरच्या प्लगमध्ये मागच्या अंगाने सुई खुपसली, चिमटा गाडीच्या लोखंडाला लावला आणि मामीला म्हणाला, “काकू, वरतं ओढा.” बत्ती लख्ख लागली. म्हणजे वीज मोटरपर्यंत येत होती. मग त्याने चिमटा लोखंडावरून काढून मोटरच्या दुसऱ्या तारेला लावला. “ओढा.” बत्ती विझलेली.

“करंट येऊन रायला, जाऊन नाई रायला.”

सगळं निदान या एका वाक्यात होतं. बारकाईने पाहणारा माणूस बिघडलेल्या यंत्राला ‘काय झालं’ असं विचारत नाही, ‘कुठपर्यंत आलास’ असं विचारतो. वीज बॅटरीतून निघाली, फ्यूजमधून गेली, मामीच्या बटणात आली, मोटरमध्ये शिरली आणि पलीकडे तिला परत जायला वाट नव्हती. ती वाट बऱ्याच गाड्यांत ड्रायव्हरच्या दारातून जाते. मामीच्या बाजूची मोटर अर्थला पोचते ती मामांच्या दारातल्या चार बटणांच्या स्विचमधून. तिच्या दोन तारांपैकी एक वाट तुटली, म्हणून वर जाणं बंद, दुसरी शाबूत होती म्हणून उतरणं चालू. आणि मामांच्या बटणाला दोन्ही वाटा लागतात, म्हणून त्यांचं काहीच चालत नव्हतं. मोहगावच्या माणसाला हे समजायला कठीण नाही. काम मोहगावचं, माणूस मोहगावचा, जमीन मोहगावची, पण कागद अडतो तो जिल्ह्याला. 2023 पर्यंत तो छिंदवाड्याला अडायचा, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून जवळ अडतो. इतके दिवस सगळं गाव डाव्या दारावर दणके घालत होतं आणि फाईल उजव्या दारात पडून होती.

इलेक्ट्रिशियन उजव्या बाजूला गेला. ड्रायव्हरचं दार उघडून बिजागरांच्या मध्ये जी काळी रबराची नळी असते, दारातल्या सगळ्या वायरी जिच्यातून बॉडीत जातात, ती त्याने दोन्ही टोकांनी सोडवून मागे सरकवली. आत वायरींचा जुडगा. दार जितक्या वेळा उघडतं तितक्या वेळा तो वाकतो, आणि सगळ्यांत जास्त उघडतं ते ड्रायव्हरचं. त्यातून आमच्याकडचा उन्हाळा. गाडी बंद करून उन्हात ठेवली की आतलं प्लॅस्टिक कडक होत जातं. वरून पाहिलं तर एकाही वायरीला ओरखडा नव्हता. त्याने एकेक वायर दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ताणायला सुरुवात केली. पहिली ताणली नाही. दुसरी नाही. तपकिरी वायर धरली आणि ती लांबली. च्युइंगगम नाही लांबत इतकी सहज.

“तांबं असतं तर ताणली असती का?” तो म्हणाला. आतलं तांबं तुटलेलं, वरचं आवरण तेवढं शिल्लक. त्याने ब्लेडने आवरण सोललं. तांब्याची दोन टोकं, हिरवी पडलेली, एकमेकांपासून नखभर दूर. दार उघडलं की जुडगा वाकून ती टोकं एकमेकांना टेकायची. दार लावलं की दुरावायची.

मामा वाकून बराच वेळ ती टोकं पाहत होते. मग म्हणाले, “म्हणजे बॅटरी नव्हती.” हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं त्यात कबुली नव्हती, बॅटरीबद्दलची सहानुभूती होती.

दुरुस्ती त्याने चांगली केली. नुसता पीळ मारून टेप गुंडाळली असती तर दिवाळीपर्यंत तीच वायर त्याच जागी तुटली असती. त्याने सांधे नळीच्या बाहेर घेतले, एक दाराच्या आत आणि एक बॉडीच्या आत, म्हणजे वाकणाऱ्या भागात सलग वायर राहावी. बारीक तारांची मऊ वायर घेतली, डाग दिला, वर स्लीव्ह चढवून काडीने तापवली. शेजारची वायरही कडक झाली होती, तीही तिच्याबरोबर बदलली. काचेच्या रबरात सिलिकॉनचा फवारा मारला आणि मामांना बजावलं की इथे खोबरेल किंवा इंजिनचं जुनं ऑइल लावू नका, तेलाने धूळ धरते आणि ऑइलने रबर फुगतं. नव्या महागड्या गाड्या मात्र तो हातात घेत नाही. त्यांच्या दारात बटणं एकमेकांशी संदेशांनी बोलतात, तिथे बत्तीची सुई खुपसली तर बटण नाही, बिल पेटतं.

पॅड बसलं. मामीने बटण ओढलं. काच वर आली. खाली दाबलं, गेली. आजूबाजूच्या दुकानांतले दोघेतिघे टाळ्या वाजवायच्या बेतात होते.

मामा आपल्या जागेवर बसले, दार लावलं आणि आपल्या बाजूचं बटण वर ओढलं. मामीची काच खाली गेली. त्यांनी खाली दाबलं, वर आली. परत करून पाहिलं. मामी वर म्हणाली की वर, मामा वर म्हणाले की खाली.

इलेक्ट्रिशियनने कपाळाला हात लावला. त्याच्याकडे त्या दिवशी काळीच वायर होती. दोन वायरी बदलल्या, दोन्ही काळ्या, आणि जोडताना त्यांची आपसांत अदलाबदल झाली. मामीच्या बटणाला फरक पडत नव्हता. तिला त्या दोन्ही वाटांवर शेवटी अर्थच मिळतो, मग कुठलीही कुठेही असो. मामांच्या बटणाला मात्र त्या दोन वाटांवरच काच चालवायची असते. पंपवाला इथे असता तर त्याची छाती फुगली असती.

“पाच मिनिटं द्या काकाजी, पलटवून देतो,” म्हणत त्याने पेचकस उचलला.

“राहू दे रे बाबा,” मामी आतून म्हणाली. “मह्या बटनानं बराबर चालते ना? बस झालं.”

“आन् माह्या?” मामा.

“तुम्ही खालतं म्हणा ना, वरतं पाह्यजे तवा.”

इलेक्ट्रिशियनने मामांकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं आणि पेचकस परत डब्यात टाकला. पैसे मामीनेच दिले, घासाघीस न करता. आता मामांनी गाडी विकायला काढली आहे. गिऱ्हाईक येतं, सगळी बटणं दाबून पाहतं आणि डाव्या काचेपाशी थबकतं. तेव्हा त्याला काय सांगायचं, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.